तुमचा आवडता क्लास कोणता? आणि मल्टिक्लास केलाच, तर कधी आणि कशासाठी?

कृष्णाकाठचा_डीएम, सांगली

मंडळी, मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा. विश्रामबागेतल्या आमच्या गटाची डी अँड डीची (डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवरच्या भूमिका-खेळाची) जुनी मोहीम संपली. दिवाळीनंतर नवी सुरू होणार, पहिल्या लेव्हलपासून. खेळाडू आत्तापासूनच आपापली बिल्ड्स, म्हणजे पात्र कसं वाढवायचं त्याचे आराखडे, पाठवतायत आणि ती वाचताना मला एक गोष्ट सारखी खटकतेय. जो तो सांगतो, बाराव्या लेव्हलला हे मिळेल, सतराव्याला ते मिळेल. तिसऱ्या लेव्हलला गुहेच्या तोंडाशी ओगर (राक्षस) उभा राहिला की तुझ्या हातात काय असेल, याबद्दल अवाक्षर नाही.

आम्ही भेटतो रविवारी, तेही परीक्षा, लग्नसराई आणि कारखान्याचा हंगाम सांभाळून. अशा टेबलावर मोहीम आठव्या-दहाव्या लेव्हलपर्यंत पोचली तरी मोठी मजल. म्हणजे माणूस जे कॅरेक्टर खरोखर जगतो ते साधारण तिसऱ्या लेव्हलपासून आठव्यापर्यंत. बिल्ड तिथं उभं राहायला हवं.

म्हणून हा धागा. आवडता क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, सांगा, मल्टिक्लास, म्हणजे मधेच दुसरा पेशाही, केला असेल तर कोणत्या लेव्हलला वळलात आणि कथेत त्याला काय कारण होतं तेही सांगा. टेबलावर खेळलेलंच लिहा. आणि २०१४चे नियम की २०२४चे, ते आवर्जून नोंदवा, कारण गाजलेली बरीच बिल्ड्स नव्या नियमांत पार बदलली आहेत.

सुरुवात मी करतो. माझा जीव पॅलाडिनवर, म्हणजे देवाच्या शपथेनं बांधलेल्या योद्ध्यावर. बहुतेक लोक त्याला डिव्हाइन स्माइटसाठी (जादू ओतलेल्या वारासाठी) घेतात, मी घेतो तो सहाव्या लेव्हलच्या ऑरासाठी. दहा फुटांच्या आत उभ्या असलेल्या प्रत्येक साथीदाराच्या सेव्हिंग थ्रोमध्ये (संकटातून वाचायला टाकलेल्या फाशात) पॅलाडिनचा करिश्मा मॉडिफायर (करिश्मा या गुणातून मिळणारी भर) मिळवायचा. करिश्मा १६ असेल तर +३, २० असेल तर +५. स्लॉट (मंत्र टाकण्याची मोजकी मुभा) जळत नाही, दिवसाची मर्यादा नाही, पॅलाडिन शुद्धीवर असला की झालं. ड्रॅगनच्या ज्वाळेतून विझर्ड दोन गुणांनी वाचतो आणि सगळं टेबल पॅलाडिनकडे बघतं, तो क्षण मला कुठल्याही मोठ्या डॅमेजपेक्षा प्यारा आहे.

मल्टिक्लास करायचाच तर सहा लेव्हल पॅलाडिन पुऱ्या करूनच वॉरलॉककडे (करारातून जादू मिळवणाऱ्या क्लासकडे) वळायचं. दोन लेव्हलमध्ये एल्ड्रिच ब्लास्ट, म्हणजे लांबून मारायचा जादूचा झोत, हाती येतो. त्याचे झोत एकूण लेव्हलप्रमाणे वाढतात, त्यामुळे आठव्या लेव्हलच्या माणसाला दोन झोत मिळतात आणि अगोनायझिंग ब्लास्ट घेतलं की प्रत्येक झोताच्या डॅमेजला करिश्मा मॉडिफायर जोडला जातो. पॅलाडिनचं लांबून मारा करण्याचं दुखणं तिथंच संपतं. शिवाय वॉरलॉकचे स्लॉट तासाभराच्या विश्रांतीनंतर परत येतात आणि २०१४च्या नियमांत ते स्माइटला वापरता येतात. अट एवढीच की स्ट्रेंग्थ आणि करिश्मा दोन्ही किमान १३ हवेत.

कथेतलं कारण सांगायचं तर, माझ्या पॅलाडिननं पुरात अडकलेलं गाव वाचवायला नदीतल्या एका प्राचीन शक्तीशी करार केला होता. देवाला दिलेली शपथ एकीकडे, नदीला दिलेला शब्द दुसरीकडे. पुढची अर्धी मोहीम त्या ताणावर चालली. २०१९चा पूर बघितलेल्या सांगलीच्या टेबलावर कुणालाच त्याचं स्पष्टीकरण द्यावं लागलं नाही.

अजिंक्यतारा_डी२०, सातारा

उत्तम धागा. मी मात्र एका क्लासला धरून राहणाऱ्यांतला, आणि त्याची बाजू आकड्यांनी मांडतो.

पाचवी लेव्हल हा या खेळातला सगळ्यात उंच पायरीचा टप्पा. फायटर, बार्बेरियन, पॅलाडिन, रेंजर, मंक यांना तिथं एक्स्ट्रा अटॅक, म्हणजे एका खेळीत दुसरा वार, मिळतो. विझर्ड आणि सॉर्सररला तिसऱ्या पातळीची स्पेल्स (मंत्र) मिळतात, म्हणजे फायरबॉल, वीस फुटांच्या त्रिज्येत ८ डी६ (सहा बाजूंचे आठ फासे) डॅमेज. आता फायटर ४ आणि रोग (लपूनछपून वार करणारा क्लास) १ असं करणाऱ्याचं बघा. एकूण लेव्हल पाच, पण हल्ला अजून एकच. 'एकच लेव्हल तर मागं राहिलो' असं तो म्हणतो. पाचव्या लेव्हलला लागतात ६,५०० अनुभव गुण आणि सहाव्याला १४,०००. म्हणजे मधलं अंतर ७,५००चं, आजवरच्या सगळ्या कमाईपेक्षा जास्त! एवढा काळ तो शेजारच्या फायटरच्या निम्मे वार करत बसणार.

आणि क्लास लेव्हल ४ला मिळणारी ॲबिलिटी स्कोअरची (स्ट्रेंग्थ, करिश्मा अशा गुणांची) वाढसुद्धा एकूण लेव्हलवर नाही, त्या त्या क्लासच्या लेव्हलवर मिळते. रोग ३ आणि फायटर ३ झालेला माणूस सहाव्या लेव्हलला पोचतो आणि त्याच्या शीटवर एकही वाढ नसते. हे नवख्यांना आधी सांगितलं पाहिजे.

माझा आवडता क्लास साधा फायटर. दुसऱ्या लेव्हलला ॲक्शन सर्ज (खेळीत एक जादा ॲक्शन), पाचव्याला दोन वार, अकराव्याला तीन. डी१० हिट डाय (जीव किती ते ठरवणारा फासा), जड चिलखत. फायटर कधी खेळायचा हे मला कळतं, कारण प्रत्येक लेव्हलला तो पार्टीच्या पुढे उभा राहू शकतो. त्याला अमुक लेव्हलपर्यंत सांभाळून घ्या असं कधी म्हणावं लागत नाही.

कुंडलचा_गडी

डीएम, आमच्याकडं बिल्ड एकच, कुस्तीचं. बार्बेरियन ५, मग रोग १. २०१४चे नियम.

कसं ते सांगतो. बार्बेरियनला रेज (संताप) चढला की स्ट्रेंग्थच्या सगळ्या चेकना (कसोटीच्या फाशांना) ॲडव्हांटेज, म्हणजे दोनदा टाकून मोठा आकडा. रोगच्या पहिल्याच लेव्हलला एक्स्पर्टीज मिळतं, ते ॲथलेटिक्सवर टाकायचं, प्रोफिशियन्सी (सरावाची भर) दुप्पट. जुन्या नियमात ग्रॅपल (शत्रूला धरणं) म्हणजे ॲथलेटिक्सचा चेक. सहाव्या लेव्हलला स्ट्रेंग्थ १८ असली तर +४, वर दुप्पट प्रोफिशियन्सीचे +६. डी२०वर +१०, आणि तोही दोनदा टाकून मोठा घ्यायचा. समोरचा सुटतोय कुठं?

एक्स्ट्रा अटॅकमुळं दोन वार असतात. पहिल्या वाराच्या जागी धरायचं, दुसऱ्याच्या जागी शव्ह करून आडवा पाडायचा. धरलेल्याचा वेग शून्य आणि उठायला वेग लागतो, म्हणून त्याला उठताच येत नाही. आता जवळून मारणाऱ्या सगळ्या गड्यांना ॲडव्हांटेज. आपण एक पैसा डॅमेज केलं नाही तरी लढाई आपणच जिंकून दिली. आमच्या गावच्या मैदानात पट काढून पैलवान खाली घेतला की माणसं उभी राहत्यात, टेबलावर सेम तसंच झालं.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. आपल्यापेक्षा एकच आकार मोठा असलेल्यापर्यंतच धरता येतंय, म्हणजे मोठ्या ड्रॅगनला हात लावायचा नाही. आणि मल्टिक्लाससाठी स्ट्रेंग्थ १३, डेक्स्टेरिटी १३ पाहिजे.

अजिंक्यतारा दादा, पाचव्या लेव्हलचं तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. म्हणूनच मी पाच पुऱ्या करूनच वळलो.

प्रीतिसंगम_क्लेरिक, कराड

कुंडलच्या दादांचं बिल्ड वाचून फार आनंद झाला. फक्त २०२४चे नियम वापरणाऱ्यांनी लक्षात घ्या, तिथं ग्रॅपल हा चेक राहिलेला नाही. समोरच्याला सेव्हिंग थ्रो टाकावा लागतो आणि त्याचा डीसी (गाठायचा आकडा) ठरतो ८ + स्ट्रेंग्थ मॉडिफायर + प्रोफिशियन्सी. एक्स्पर्टीजचा त्यात काही उपयोग नाही. त्यामुळे हे बिल्ड जुन्या नियमांतच खेळावं.

माझा क्लास क्लेरिक, म्हणजे देवाच्या शक्तीनं साथीदारांना बरं करणारा, आणि तो मी मनापासून निवडते. आमच्या गटात सुरुवातीला क्लेरिक म्हणजे 'कुणीतरी घ्यायलाच हवा' म्हणून मागं राहिलेल्याच्या माथी मारायचा क्लास होता. मला ते पटत नाही. लढाईत कुणाला आत्ता उचलायचं आणि कुणाला अजून एक फेरी थांबवायचं, हा निर्णय टेबलावरचा सगळ्यात अवघड निर्णय असतो. तो घेणारं माणूस लढाईचा नकाशा बाकी सगळ्यांपेक्षा नीट वाचत असतं.

बिल्डही देते. २०१४मध्ये लाइफ डोमेनचा (बरं करण्यावर भर देणाऱ्या शाखेचा) क्लेरिक १, बाकी सगळा ड्रूइड (निसर्गाची जादू करणारा). दोघांनाही विझडम लागतं, त्यामुळे १३ची अट आपोआप पुरी होते. लाइफ डोमेनमुळे बरं करणाऱ्या प्रत्येक स्पेलला २ + स्पेलची पातळी एवढी भर पडते. ड्रूइडचं गुडबेरी हे पहिल्या पातळीचं स्पेल दहा बोरं देतं, प्रत्येक बोर १ हिट पॉइंटचं (जीवाच्या एका गुणाचं). भर धरून ते होतं ४. एका पहिल्या पातळीच्या स्लॉटमधून ४० हिट पॉइंट्स! चोवीस तास टिकतात. रात्री झोपण्याआधी उरलेल्या सगळ्या स्लॉटची बोरं करून ठेवायची आणि सकाळी प्रत्येकाच्या ओंजळीत घालायची. लढाईत एक बोर खायला अख्खी ॲक्शन जाते, म्हणून त्यांचा खरा उपयोग लढाईनंतर. पण छोट्या छोट्या चकमकींनी भरलेल्या दिवसात पार्टी दमत नाही आणि तुमचे मोठे स्लॉट मोकळे राहतात.

हे दुसऱ्या लेव्हललाच हाती येतं. डीएम, तुमच्या तिसऱ्या लेव्हलच्या कसोटीला उतरतं की नाही सांगा. नव्या नियमांत मात्र जमत नाही. लाइफ डोमेन तिसऱ्या लेव्हलला मिळतं आणि ती भर फक्त स्पेल टाकलेल्या टर्नमध्येच लागू होते.

कृष्णाकाठचा_डीएम, सांगली

पूर्ण उतरतं. आमच्या नव्या मोहिमेत अन्नाचा तुटवडा आहे आणि एक बोर माणसाला दिवसभर पुरतं. म्हणजे हे बिल्ड कथेतही वजनदार ठरेल. गावोगाव बोरं वाटणारी क्लेरिक कुठल्याही राजाला नकोशी होईल. यावर मी एक अख्खं प्रकरण लिहिणार.

तंबोरा_आणि_तलवार, मिरज

इतका वेळ बार्डचं, म्हणजे संगीतातून जादू करणाऱ्याचं, नाव कुणी घेतलं नाही! नाट्यपंढरी सांगली आणि सतारी घडवणारी मिरज शेजारी असताना तरी बार्डचा विसर पडू नये.

माझा बार्ड मिरजेच्या तंतुवाद्यांच्या कारागिरांवर बेतलेला होता. भोपळा निवडण्यापासून जवारी लावण्यापर्यंत सगळं हातानं करणाऱ्या घरातला मुलगा, जो आपण घडवलेला तंबोरा घेऊन बाहेर पडतो. त्याचं प्रत्येक स्पेल त्या तंबोऱ्यातून निघायचं. आमच्या डीएमनं एकदा तंबोरा फोडला आणि पुढच्या सगळ्या बैठका योग्य भोपळा शोधण्यात गेल्या. इतकं गुंतून मी दुसरं कुठलंच कॅरेक्टर खेळले नाही.

खेळाच्या बाजूनं म्हणाल तर बार्डला मल्टिक्लास करू नका, हे माझं ठाम मत. दुसऱ्या लेव्हलला जॅक ऑफ ऑल ट्रेड्समुळे येत नसलेल्या कौशल्यातही अर्धी प्रोफिशियन्सी मिळते. बार्डिक इन्स्पिरेशन (साथीदाराला द्यायचा जादा फासा) करिश्मा मॉडिफायरएवढ्या वेळा देता येतं, पण ते लांब विश्रांतीनंतरच परत येतं. पाचव्या लेव्हलला ते छोट्या विश्रांतीत परत यायला लागतं आणि डी६चा डी८ होतो. तिथून बार्ड दिवसभर सगळ्यांच्या पाठीशी असतो. हा टप्पा लांबवणं म्हणजे सगळ्या पार्टीचं नुकसान करणं. अनेक लोक 'बार्डमध्ये वॉरलॉकच्या दोन लेव्हल घाल' असं सांगतात, एल्ड्रिच ब्लास्टसाठी. बार्डनं स्वतः मारण्यापेक्षा मारणाऱ्याला तो डी८ द्यावा. आपल्या फाशानं दुसऱ्याचा चुकलेला वार लागतो तेव्हा दोघंही ओरडतात.

वाई_चा_विदर्स

मी टेबलापेक्षा बाल्डर्स गेट ३ हा डी अँड डीवरचा व्हिडिओ गेम जास्त खेळलोय, चालेल का? २०२३च्या ऑगस्टमध्ये तो आला तेव्हापासून लॅपटॉपवर दुसरं काही फारसं उघडलेलं नाही.

त्यात मल्टिक्लासचा आनंद वेगळाच आहे. १३ची अट नाही, लेव्हलची मर्यादा १२ आणि त्यातल्या विदर्स या पात्राला १०० सोन्याची नाणी दिली की अख्खं बिल्ड पुसून नव्यानं मांडता येतं. त्यामुळे करून बघायची भीतीच राहत नाही. माझं लाडकं बिल्ड ओपन हँड मंक ९ आणि थीफ रोग ३. तिसऱ्या लेव्हलला थीफला (रोगच्या एका शाखेला) एक जादा बोनस ॲक्शन (मुख्य कृतीशिवायची छोटी कृती) मिळते, त्यामुळे एका टर्नमध्ये दोनदा फ्लरी ऑफ ब्लोज (मंकच्या ठोशांची सरबत्ती). वर टॅव्हर्न ब्रॉलर हे फीट (निवडून घ्यायचं खास कसब) घेतलं की नि:शस्त्र वाराला स्ट्रेंग्थ मॉडिफायर दोनदा जोडला जातो, आणि हिल जायंटचं एलिक्झर पिऊन स्ट्रेंग्थ २१. कार्लॅक या साथीदाराला बाजूला बसवून पुढची फळी मीच सांभाळायचो.

डीएम, हे तुमच्या टेबलावर चालेल का?

अजिंक्यतारा_डी२०, सातारा

चालणार नाही, आणि हा फरक सगळ्यांनी लक्षात ठेवायला हवा. थीफचा फास्ट हँड्स टेबलावरच्या नियमांत दुसरी बोनस ॲक्शन देत नाही. आहे त्या बोनस ॲक्शनमध्ये कुलूप उघडणं, सापळा निकामी करणं, हातचलाखी अशी कामं करू देतो, एवढंच. दोनदा फ्लरी ही लॅरियनची, म्हणजे तो गेम बनवणाऱ्या कंपनीची, देणगी. टॅव्हर्न ब्रॉलरही पुस्तकात इतकं जोरकस नाही. त्या खेळावरून बिल्ड उचलणाऱ्यानं प्रत्येक ओळ पुस्तकाशी ताडून बघावी.

पण एक गोष्ट त्या खेळानं फार चांगली केली. साताऱ्यात मी हा छंद सुरू केला तेव्हा चार खेळाडू जमवताना नाकीनऊ यायचे. आता पोरं स्वतःहून विचारायला येतात, आणि येतानाच त्यांना कॉन्सन्ट्रेशन म्हणजे काय ते माहीत असतं.

जुना_केन्साई, सातारा

बाल्डर्स गेटचा विषय निघाला म्हणून लिहितो. आम्ही दुसरा भाग खेळलो, २०००चा. त्यात ॲडव्हान्स्ड डी अँड डीच्या दुसऱ्या आवृत्तीचे नियम होते आणि मल्टिक्लास हा हक्क पात्राच्या वंशावर ठरायचा. एल्फ, ड्वार्फ वगैरेंना मल्टिक्लास, म्हणजे सुरुवातीपासून दोन-तीन क्लास एकदम आणि अनुभव गुण सगळ्यांत वाटून. माणसाला ड्युअल क्लास. जुन्या क्लासच्या मुख्य गुणात १५, नव्याच्या मुख्य गुणात १७ हवेत. एकदा वळलात की जुना क्लास कायमचा थांबला. त्याची कौशल्यं गोठायची, आणि नवा क्लास जुन्याच्या एक लेव्हल पुढे गेला की मगच परत मिळायची.

मी केन्साई (चिलखताविना लढणारा तलवारबाज) ९ करून मेज (जादूगार) झालो. केन्साईला चिलखत घालायची मनाई, आणि मेजला तसंही चिलखतात जादू करता येत नाही. एकाची बंधनं दुसऱ्याला टोचतच नाहीत, म्हणून ही जोडी इतकी घट्ट बसते. पण मेज दहाव्या लेव्हलला पोचेपर्यंतचा तो मधला काळ! नऊ लेव्हल तलवार चालवलेला माणूस पहिल्या लेव्हलची मॅजिक मिसाइल टाकत साथीदारांच्या आड उभा. दहावी लेव्हल झाली त्या रात्री मी पहाटेपर्यंत उठलो नाही.

आजच्या मोकळ्या मल्टिक्लासचं मूळ २०००मध्येच आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत आहे. दर लेव्हलला हवा तो क्लास घ्या, ही मुभा तिथून. त्याआधी, १९७४च्या पहिल्या पेट्यांत तर क्लासच तीन होते: फायटिंग मॅन, मॅजिक यूझर आणि क्लेरिक. थीफ पुढच्या वर्षीच्या पुरवणीत आला. मुभा वाढली हे चांगलंच झालं. तरीही वळताना काहीतरी सोडावं लागतं ही जाणीव जुन्या नियमांत ठसठशीत होती, आणि ती मला आजही हवीशी वाटते.

कृष्णाकाठचा_डीएम, सांगली

हे माझ्या टेबलावर मी आता पाळणार आहे. नवा क्लास घ्यायचा तर आधीच्या बैठकीत त्याचं बीज दिसलं पाहिजे. वॉरलॉक व्हायचंय तर करार टेबलावर होईल, सगळ्यांसमोर, आणि त्याची किंमत मी मागेन. विझर्ड व्हायचंय तर वही आणि गुरू कुठून आले ते दाखवा.

रविवारची_रोग, सातारा

नमस्कार, मी अगदी नवीन. बाल्डर्स गेट ३मध्ये ॲस्टेरियन हा रोग फार आवडला, आणि आता राजवाड्याजवळ एका मैत्रिणीच्या घरी आमचा पहिला डाव ठरलाय. आम्ही चौघी आणि एक डीएम. मला रोग व्हायचंय पण थोडी जादूही हवी. रोग आणि विझर्ड असा मल्टिक्लास करायचा विचार होता, पण वरचं सगळं वाचून थांबले. काय करू?

अजिंक्यतारा_डी२०, सातारा

स्वागत! तुम्हाला मल्टिक्लासची गरजच नाही. रोगच्या तिसऱ्या लेव्हलला आर्केन ट्रिकस्टर हा सबक्लास (क्लासची शाखा) घ्या. त्यात विझर्डच्या यादीतली स्पेल्स, पहिल्या पातळीचे दोन स्लॉट आणि अदृश्य मेज हँड (जादूचा हात) मिळतो. तो हात लांबून खिसा कापतो, कुलूप उघडतो. स्नीक अटॅक (रोगचं संधी साधून केलेलं जादा डॅमेज) एका लेव्हलनंही मागं पडत नाही, दर विषम लेव्हलला एक डी६ वाढत राहतो. तलवार आणि जादू हवी असेल तर फायटरला एल्ड्रिच नाइट आहे, तसंच हे.

प्रीतिसंगम_क्लेरिक, कराड

१५, १४, १३, १२, १०, ८ हे तयार आकडे वापरणार असाल तर डेक्स्टेरिटीला १५, इंटेलिजन्सला १४ आणि कॉन्स्टिट्यूशनला १३ द्या. ट्रिकस्टरची स्पेल्स इंटेलिजन्सवर चालतात. पहिल्या दोन लेव्हल जादू नसेल, त्या काळात दुसऱ्या लेव्हलचं कनिंग ॲक्शन नीट शिकून घ्या. वार करायचा आणि बोनस ॲक्शननं लपायचं किंवा निसटायचं. आणि साथीदार शत्रूला भिडलेला असेल त्याच शत्रूवर बाण सोडा, म्हणजे ॲडव्हांटेज नसतानाही स्नीक अटॅक लागतो. चौघींत पुढे उभी राहणारी कुणी आहे ना?

रविवारची_रोग, सातारा

एक पॅलाडिन आहे, एक ड्रूइड आणि चौथी अजून ठरवतेय. तिला हा धागा पाठवलाय. फासे एकीकडेच आहेत, सात फाशांचा एक संच चौघींत. पुरेल का?

कृष्णाकाठचा_डीएम, सांगली

पहिल्या डावाला पुरेल, डी२० तेवढा हातोहात फिरवा. नियमांची मूळ संक्षिप्त आवृत्ती इंटरनेटवर मोफत आहे, पुस्तक विकत घ्यायची घाई नको. चौथीला म्हणावं, बार्ड हो. मिरजकर मॅडम तिला तंबोऱ्याचं सगळं सांगतील.

तंबोरा_आणि_तलवार, मिरज

आनंदानं! संदेश पाठवा, शीट एकत्र भरू.